अणूंचा जमाखर्च

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, पश्चिमेस उत्तनच्या कोळीवाड्यांपासून पूर्वेस घोडबंदरच्या टेकडीपर्यंत पसरलेला जो मुलूख आज मिरा-भाईंदर या जोडनावाने ओळखला जातो, त्या मुलखात रसायनशास्त्राची मूलतत्त्वे समजावून सांगण्यास लागणारी जवळजवळ सर्व सामग्री उघड्यावर मांडलेली आहे, ही गोष्ट तेथून नित्य लोकलने ये-जा करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. खाडीकाठच्या खाजणांत बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारी मिठागरे, पोर्तुगीज अमदानीत दगड-चुन्याने उभा राहिलेला घोडबंदरचा किल्ला, आणि भाईंदर पूर्वेच्या लहानमोठ्या गाळ्यांतून वाढलेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा धंदा, या तीन गोष्टी वरकरणी एकमेकींशी सर्वस्वी असंबद्ध दिसतात. परंतु पदार्थाचे रूप पालटते तेव्हा त्यात नेमके काय पालटते आणि काय कदापि पालटत नाही, या रसायनशास्त्राच्या मूळ प्रश्नाचे उत्तर या तिन्ही ठिकाणी एकच मिळते. त्या उत्तराचा मागोवा घेणे हाच प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे.

आरंभ मिठापासून करणे उचित होय. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि त्यांपैकी साधारण २७ ग्रॅम आपले खाण्याचे मीठ असते. बाकीच्यात मॅग्नेशिअम, कॅल्शिअम व पोटॅशिअम यांचे क्षार येतात. पावसाळा सरला की आगरातील बांधांची डागडुजी होते, कोंड्यांचा, म्हणजे पाणी आटवण्याच्या उथळ वाफ्यांचा, तळ पायांनी तुडवून घट्ट केला जातो, आणि मग उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घेऊन ते एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत, दुसरीतून तिसरीत असे उन्हावाऱ्याच्या स्वाधीन करीत पुढे नेले जाते. पाणी आटत जाते तसतसे त्यातील क्षार एकदम नव्हे, तर क्रमाक्रमाने खाली बसतात, आणि या क्रमातच आगरी माणसाचे सारे कसब आहे. प्रथम चुनखडीचा अंश बसतो, त्यानंतर जिप्सम, आणि मूळ पाण्याचा जवळजवळ एक दशांश भाग उरल्यावर मिठाचे दाणे धरू लागतात. पाण्याचा दाटपणा मोजणाऱ्या बोमे मापकावर समुद्राचे पाणी सुमारे ३ अंश दाखवते. मीठ पिकू लागते ते २५ अंशांच्या पुढे. मात्र ३० अंशांच्या आसपास पोहोचल्यावर उरलेले कडवट पाणी सोडून द्यावेच लागते, कारण लोभाने ते आटवत राहिल्यास त्यातील मॅग्नेशिअमचे क्षार मिठात मिसळतात, मिठाला कडसर चव येते, आणि असे मीठ हवेतील ओलावा ओढून पावसाळ्यात पाणी सोडू लागते.

आता पहिला प्रश्न असा की मिठागरात जे घडते ती रासायनिक अभिक्रिया आहे काय? पुष्कळांची समजूत तशी असते, कारण पातळ पाण्यातून घन पांढरे दाणे निघताना पाहिले म्हणजे काहीतरी नवे निर्माण झाले असे डोळ्यांना वाटते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. कोंडीतील मीठ पुन्हा तेवढ्याच पाण्यात टाकले तर मूळचे खारे पाणी जसेच्या तसे परत मिळते. पाणी गेले ते वाफेच्या रूपाने गेले आणि मीठ उरले ते पूर्वीपासून होते तेच उरले. येथे नवा पदार्थ जन्मास आला नाही, केवळ मिश्रणातील घटक विलग झाले; म्हणून हा भौतिक बदल होय. खऱ्या रासायनिक बदलात आरंभीचे पदार्थ आपले गुणधर्म गमावतात आणि सर्वस्वी निराळ्या गुणधर्मांचा पदार्थ त्यांच्या जागी येतो. तसा बदल मिठाच्याही पूर्वचरित्रात आहे. मात्र तो पाहण्यासाठी मिठाच्या दाण्याच्या अंतरंगात शिरले पाहिजे.

जाडसर मिठाचा एखादा न फुटलेला दाणा भिंगाखाली धरून पाहावा. त्याच्या कडा सरळ दिसतात, कोपरे काटकोनात असतात, आणि दाणा फोडला तर त्याचे तुकडेही पुन्हा चौकोनी पृष्ठांचेच पडतात. हा आकार त्यास कोणा कारागिराने दिलेला नसून तो आतील रचनेचा बाहेर आलेला पुरावा आहे. १९१३ साली विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तरुण ब्रिटिश संशोधकाने स्फटिकांतून क्ष-किरण पाठवून त्यांच्या विखुरण्यावरून मिठाची अंतर्रचना निश्चित केली, आणि त्या प्रकारच्या कार्याबद्दल १९१५ चे नोबेल पारितोषिक त्यास व त्याच्या वडिलांस मिळून देण्यात आले. त्या रचनेत सोडिअम व क्लोरीन यांचे कण एकाआड एक असे उभ्या, आडव्या व खोल अशा तिन्ही दिशांनी मांडलेले आढळले. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडिअम. घनाकृती दाणा हा या घनाकृती मांडणीचाच परिणाम होय.

या मांडणीत कण किती असतात, याचा अदमास घेण्यासाठी ०.३ मिलिमीटर बाजूचा एक अगदी बारीक दाणा घेऊ. त्याचे वजन सुमारे ०.०६ मिलिग्रॅम भरते, आणि त्यात सोडिअम-क्लोरीनच्या जोड्या सुमारे सहा परार्ध, म्हणजे सहावर सतरा शून्ये, इतक्या असतात. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दश, शत अशी जी दशगुणोत्तर संज्ञांची मालिका दिली, तिची अखेर परार्धावर होते. त्या अखेरच्या संज्ञेच्याही सहापट जोड्या चिमटीत न सापडणाऱ्या एका दाण्यात नांदतात. दर सेकंदाला एक या वेगाने त्या मोजावयास कोणी बसला, तर त्यास सुमारे १९ अब्ज वर्षे लागतील, आणि विश्वाचे आजचे वय १४ अब्ज वर्षांच्या आत आहे.

हे दोन घटक स्वतंत्र अवस्थेत कसे असतात? १८०७ साली हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या दाहक सोड्यातून विद्युत्प्रवाह सोडून सोडिअम प्रथम विलग केला. तो चाकूने कापता येईल इतका मऊ, ताज्या कापावर चांदीसारखा चकाकणारा, आणि पाण्यात पडताच हायड्रोजन सोडीत तडतडणारा, पुष्कळदा पेट घेणारा धातू आहे. क्लोरीन १७७४ साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने प्रथम मिळवला. तो हिरवट-पिवळा, घसा व फुप्फुसे जाळणारा वायू असून २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर त्याचाच शस्त्र म्हणून उपयोग करण्यात आला. असा पाण्याने भडकणारा धातू आणि असा प्राणघातक वायू एकत्र येऊन आपल्या ताटातील मीठ व्हावे, ही रासायनिक अभिक्रियेची खरी महती आहे. पदार्थाचा स्वभाव त्याच्यातील अणूंच्या केवळ जातीवर नव्हे, तर त्या अणूंच्या परस्परसंबंधावर अवलंबून असतो, हा या शास्त्राचा पहिला धडा.

तो संबंध जुळतो तो इलेक्ट्रॉनांमुळे. अणूच्या मध्यभागी धनभाराचे केंद्रक आणि त्याभोवती ऋणभाराचे इलेक्ट्रॉन, हे चित्र १८९७ साली टॉमसनने लावलेल्या इलेक्ट्रॉनच्या शोधापासून १९११ मधील रदरफर्डच्या केंद्रकापर्यंतच्या अवघ्या चौदा-पंधरा वर्षांत उभे राहिले. सोडिअमजवळ ११ इलेक्ट्रॉन असतात आणि ते २, ८ व १ असे थरांनी राहतात. क्लोरीनजवळ १७ असतात व ते २, ८ व ७ असे. सोडिअमच्या बाहेरील एकटा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेला की दोघांचेही बाहेरील थर आठाने भरतात, सोडिअमवर धनभार व क्लोरीनवर ऋणभार येतो, आणि अशा भारित कणांस आयन म्हणतात. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन आपखुशीने देऊन टाकतो असे सांगण्याची पद्धत आहे, पण जमाखर्च नीट मांडला तर ते खरे ठरत नाही. सोडिअमपासून इलेक्ट्रॉन काढण्यास जी ऊर्जा खर्ची पडते, तितकी क्लोरीनने तो स्वीकारल्याने परत मिळत नाही. ती तूट भरून निघते आणि वर मोठी शिल्लक राहते, ती परार्धावधी धन व ऋण आयन एकमेकांच्या आकर्षणाने स्फटिकात दाटीने बसतात त्यामुळे. ही शिल्लक उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. २३ ग्रॅम सोडिअम आणि ३५.५ ग्रॅम क्लोरीन यांपासून ५८.५ ग्रॅम मीठ बनते, तेव्हा सुमारे ४११ किलोज्यूल उष्णता मिळते. खोलीच्या तपमानाचे सव्वा लिटर पाणी तेवढ्याने उकळू लागेल. मिठाचा शांतपणा हा ही सर्व शिल्लक आधीच खर्चून बसल्याचा शांतपणा आहे.

हेच मीठ पाण्यात विरघळले की आयन सुटे होऊन पाण्याच्या रेणूंच्या वेढ्यात हिंडू लागतात, आणि म्हणूनच खारे पाणी वीज वाहून नेते. विरघळलेले क्षार आपोआप भारित कणांत विभागतात ही कल्पना स्वान्त आऱ्हेनिअसने १८८४ साली उप्साला येथे आपल्या प्रबंधात मांडावयास घेतली, तेव्हा परीक्षकांनी तिची फारशी कदर केली नाही. पुढे १९०३ साली याच विषयाबद्दल त्यास नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मिठाची ही रासायनिक हकीकत राज्यकारभारालाही भिडलेली आहे. सोडिअम हे मूलद्रव्य आहे. ते दुसऱ्या कशापासून घडवणे कोणत्याही प्राण्याच्या शरीराला शक्य नाही, आणि घामावाटे व लघवीवाटे गेलेले सोडिअम बाहेरूनच भरून काढावे लागते. उन्हात राबणाऱ्या मजुराला तर ते इतरांहून अधिक लागते. ज्या वस्तूला पर्याय नाही तिच्यावर बसवलेला कर चुकवण्यासही पर्याय राहत नाही. म्हणून इंग्रज सरकारचे मीठ खाते गरिबातल्या गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचले, आणि म्हणूनच १९३० साली दांडीच्या पाठोपाठ कोकणातील शिरोड्यालाही मिठागरांवर सत्याग्रही जमले. तो कर अखेर १९४७ साली उठला. मूलद्रव्य अन्य द्रव्यांपासून बनत नाही, हे प्रयोगशाळेतील वाक्य लाखो कुटुंबांच्या खर्चात अशा प्रकारे उतरलेले होते.

अणू बनत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत, हा नियम वजनाच्या काट्यावर स्वच्छ दिसतो तो चुन्याच्या बाबतीत. जुन्या किल्ल्यांच्या व वाड्यांच्या भिंतींतील चुना कोकणपट्टीत अनेक ठिकाणी शंख-शिंपले भाजून करीत, आणि शिंपला म्हणजे बहुतांशी कॅल्शिअम कार्बोनेटच. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट भाजले तर ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. या ५६ ग्रॅमांवर पाणी घालून चुना विझवला की तो फसफसतो, भांडे हाताला पोळेल इतके तापते, आणि १८ ग्रॅम पाणी सामावून ७४ ग्रॅम विझलेला चुना तयार होतो. गवंड्याने तो वाळूत कालवून दगडांच्या सांध्यांत भरला म्हणजे तो महिनोन्‌महिने, भिंत जाड असल्यास वर्षानुवर्षे, हवेतून कार्बन डायऑक्साइड शोषीत राहतो. ४४ ग्रॅम वायू आत येतो, १८ ग्रॅम पाणी बाहेर पडते, आणि १०० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट पुन्हा सिद्ध होते. समुद्रातील शिंपल्याचे द्रव्य अशा रीतीने तीन रूपांतरांतून जाऊन किल्ल्याच्या भिंतीत पूर्वपदास येते, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर जमा व खर्च यांची बेरीज ग्रॅमा-ग्रॅमाने जुळते. ज्यास हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने पेल्यात चुन्याची निवळी घेऊन तीत नळीने श्वास फुंकावा: काही क्षणांतच स्वच्छ निवळी दुधाळ होते, कारण उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड तीमधील चुन्याशी संयोग पावून न विरघळणारे पांढरे कार्बोनेट बनवतो. मीठ पाण्यातून खाली बसले तो भौतिक बदल होता. येथे पेल्यात जे पांढरे उमटते ते पूर्वी पेल्यात नव्हतेच.

काटेकोर तराजूच्या बळावर वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा हा नियम लाव्हाझिएने प्रस्थापित केला आणि १७८९ च्या आपल्या ग्रंथात तो स्पष्ट शब्दांत मांडला. पुढे पाचच वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांतीत त्याचा शिरच्छेद झाला. वजने ठराविक प्रमाणातच का जुळतात, या प्रश्नाचे उत्तर म्हणून जॉन डाल्टनने १८०८ साली अणुसिद्धान्त पुढे आणला: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू विशिष्ट वजनाचे असतात आणि अभिक्रियेत ते फक्त नव्याने जोडले वा सोडवले जातात. द्रव्याचे अविभाज्य कण ही कल्पना आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक दर्शनात फार प्राचीन काळापासून आहे, आणि तिचे तात्त्विक सामर्थ्य थोर आहे. परंतु ती तर्काने सिद्ध केलेली होती, आणि डाल्टनची कल्पना वजनाच्या काट्यावर कोणासही पडताळून पाहता येत होती, हा भेद दोहोंचा मान राखूनही नीट लक्षात ठेवला पाहिजे. हे नवे शास्त्र मराठीत यावे म्हणून एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी रसायनशास्त्रावर जे ग्रंथ लिहिले, त्यांच्या परिश्रमांचे ऋण आजच्या प्रत्येक मराठी विज्ञानलेखकावर आहे.

आता लोखंडाकडे वळू. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात दाराची कडी असो वा खिडकीचे गज असोत, लोखंड फार वेगाने गंजते, हे भाईंदरच्या रहिवाशास वेगळे सांगावयास नको. लोक म्हणतात की गंजाने लोखंड खाल्ले, आणि त्यावरून लोखंड उणे झाले असा भास होतो. वास्तविक खिळ्याचा सर्व गंज जपून त्याच्यासह तोलला तर वजन वाढलेले आढळते. ११२ ग्रॅम लोह ४८ ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग पावून १६० ग्रॅम लोह ऑक्साइड होते, आणि त्याशिवाय गंजात पाण्याचाही अंश असतो. येथेही व्यवहार इलेक्ट्रॉनांचाच आहे: धातूच्या एका जागी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून पाण्यात उतरतात, ते इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या जागी जातात, आणि तेथे ऑक्सिजन त्यांचा स्वीकार करतो. ऑक्सिजन आणि ओलावा हे दोन्ही हजर असल्याखेरीज ही क्रिया घडत नाही. आणि ओलाव्यात मीठ असले की आयनांच्या वाहतुकीमुळे ती किती तरी झपाट्याने चालते.

या संकटावर मनुष्याने जो तोडगा काढला तो भाईंदरच्या भांड्यांच्या धंद्याचा पाया आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम मिसळलेले न गंजणारे पोलाद तयार केले. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असेल तर पृष्ठभागावरील क्रोमियमचे अणू हवेतील ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावतात आणि क्रोमियम ऑक्साइडचा एक अखंड, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या अवघ्या काही दशलक्षांश भागांइतकी असते, तरी तो आतील लोखंडाला हवापाण्यापासून तोडून ठेवतो, आणि ओरखडा पडला तर ऑक्सिजन मिळताच आपोआप भरून येतो. तेव्हा स्टेनलेस स्टीलवर अभिक्रिया होत नाही हे म्हणणे चूक आहे. त्यावर अभिक्रिया होते, पण तिचेच फलित पुढील अभिक्रियेची वाट अडवते. पत्र्याची चकती दाबून तिला घाट देणे, कडा वळवणे, घासून चकाकी आणणे, ही भांडे घडवण्याची सारी कामे झाल्यावर ते वर्षानुवर्षे टिकते ते या अदृश्य पापुद्र्याच्या भरवशावर. मिठातील क्लोराइड आयन मात्र त्या पापुद्र्यास ठिकठिकाणी भेदू शकतात आणि मग धातूत बारीक खड्डे पडतात. मीठ व आंबटपणा दोन्ही असलेले लोणचे चिनी मातीच्या बरणीतच मुरवावे, हा आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांचा दंडक या दृष्टीने पूर्णपणे शास्त्रशुद्ध ठरतो.

या सर्व विवेचनातून जो निष्कर्ष निघतो, त्याची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यावर नव्हे तर नागरिकावरही पडते. तापवताना पोलादावर चढलेली काळी पुटे काढण्यासाठी या धंद्यात आम्लाचा वापर करावा लागतो, आणि वापरलेल्या आम्लात लोह, क्रोमियम व निकेल यांचे आयन उतरलेले असतात. ते पाणी नाल्यात ओतले म्हणजे संपले, असे मानणे हे अणूंच्या अक्षय्यतेचा नियम अमान्य करण्यासारखे आहे. आम्लात चुन्याची निवळी मिसळली की आम्ल व अल्क परस्परांस निष्प्रभ करून क्षार व पाणी निर्माण करतात, आणि पाणी किंचित अल्कधर्मी झाल्यावर धातूंचे बहुतेक आयन गाळाच्या रूपाने खाली बसतात. किल्ल्याची भिंत सांधणारा चुना असा खाडीच्याही कामास येतो. तथापि तो गाळ म्हणजे तेच अणू होत, आणि ते सांभाळून योग्य ठिकाणी पोहोचवण्याचे कर्तव्य उरतेच. शिवाय क्रोमियमच्या अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावले असता तो भांड्याचे रक्षण करणाऱ्या पापुद्र्यात बसतो. सहांची तूट आलेल्या संयुगांत तोच कर्करोगास कारण होणारे विष ठरतो, आणि अशा रूपात तो पाण्यात असेल तर चुना घालण्यापूर्वी त्याची तूट तीनवर आणावी लागते. अणू तोच, हिशेब निराळा.

पदार्थ निर्माण होतात आणि लय पावतात, असे आपण व्यवहारात म्हणतो; रसायनशास्त्र सांगते की निर्माण होतात व लय पावतात ते केवळ संबंध, आणि त्या संबंधांत गुंतणारे अणू मिठागरात, भट्टीत, कारखान्यात व आपल्या शरीरात संख्येने तेवढेच राहतात. ज्याने हे मनापासून ओळखले तो कोणतीही वस्तू टाकून देताना ती कोठे गेली हे विचारील, आणि कोणतीही नवी वस्तू हाती घेताना ती कशापासून आली हेही विचारील. हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागणे, हाच रसायनशास्त्र शिकण्याचा पहिला आणि सर्वांत टिकाऊ लाभ होय.